चार माणसांसमोरचा शब्द

तो शब्द आमच्या ओटीवर पहिल्यांदा उच्चारला गेला त्या दुपारी आत्या अंगणात सुकेळ्यांवरच्या माश्या हाकलत होती आणि मी तिच्याजवळ बसून राजेळी केळी सोलत होते. पावसाळा सरून थंडी पडायला लागली की वटार गावातल्या आमच्या घरात हेच काम. पिकलेली राजेळी सोलायची, बांबूच्या मांडवावर चटई टाकून तिच्यावर ओळीने मांडायची, दिवसभर उन्हात ठेवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. होता होता केळं आक्रसतं, त्याला मधाचा रंग येतो आणि बोटाला चिकटायला लागतं. मग ती केळीच्याच सुक्या पानात गुंडाळायची आणि सोपाच्या, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीच्या, दोऱ्याने करकचून बांधायची. त्या दिवसांत आमच्या अंगणाला, आमच्या कपड्यांना, एवढंच काय आमच्या वह्या-पुस्तकांनाही एक आंबूस गोड वास असायचा. वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला नाक लावून म्हणायच्या, “कुंदा, डब्यात काय आहे?” डब्यात बहुतेक भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. घरात शब्द तिचा चालायचा. आप्पा वाडी बघायचे, आई फुलं आणि भाजी बघायची आणि या दोघांकडे आत्या बघायची. आम्ही घरात आमची वाडवळी बोलायचो. इथे मी सगळ्यांच्या तोंडी शाळेतलं मराठी घातलं आहे. त्याने आत्याच्या बोलण्यातला निम्मा ठसका जातो, पण मुंबईत वाढलेल्या माझ्या मुलांनाही हे वाचता यावं, म्हणून नाइलाज आहे.

वाडीच्या मधोमध आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, कधीकाळी आमच्या पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरीचं पाणी गोड राहायचं ते त्या बावखलामुळे. काठाला नारळ, मग केळी, मग पानवेली, मग आईचा मोगरा. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की केळीची पानं एकमेकांवर फडफडायची आणि ओटीवर झोपलेल्या माणसाला पाऊस आल्यासारखं वाटायचं. वाडीच्या पलीकडची भाताची खाचरं मात्र एका शेठने घेतली होती. तिथे चार-चार मजल्यांच्या इमारती होणार होत्या आणि त्यांना मोठ्या रस्त्यावर यायला सरळ वाट हवी होती. ती सरळ वाट आमच्या बावखलावरून जात होती.

म्हणून त्या दुपारी पांढरी जीप आली. जीपमधून दोन पोरं उतरली ती फाटकाशीच उभी राहिली. तिसरा माणूस आत आला. त्याने स्वतःची ओळख ‘शेठचा मॅनेजर’ अशी करून दिली. त्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. चाळिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. बूट पायरीवर काढून तो ओटीवर चढला, आईने दिलेलं पाणी दोन्ही हातांनी घेतलं. अशा माणसाची भीती कशी वाटायची? पण आत्या माश्या हाकलायची थांबली होती.

“आप्पा, बावखल तुमच्या काय कामाचं?” तो म्हणाला. “डास होतात नुसते. भरणी शेठ स्वतःच्या खर्चाने करून देतात. रस्ता झाला की तुमच्याच वाडीचं भलं.”

“बावखल बुजलं की विहीर खारी होणार,” आप्पा म्हणाले. “विहीर खारी झाली की वाडी गेली. मग भलं कोणाचं?”

मॅनेजर हसला. वाद घातला नाही. उठला, पायरीवर बसून बूट घालायला लागला आणि लेस बांधता बांधता, मान वर न करता म्हणाला, “पुढच्या महिन्यात भूमिपूजन आहे, आप्पा. शेठनी मोठमोठी माणसं बोलावलीत. रस्ता इथूनच जाणार असं सगळ्यांना सांगून बसलेत. तेव्हा शेठना एम्बॅरॅस करू नका. एम्बॅरॅस झाले की त्यांना काही सुचत नाही.” जाताना त्याने मांडवावरचं एक अर्धवट वाळलेलं केळं उचललं, तोंडात टाकलं, माझ्याकडे बघून “छान आहे” म्हणाला आणि गेला.

जीपचा आवाज लांब गेल्यावर आप्पांनी मला विचारलं, “काय करू नका म्हणाला?” मी नववीत होते, आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटीच असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. ‘हॅरॅस’ हा शब्द मी कुठेतरी वाचलेला होता, तो त्याचाच भाऊ असणार असं धरून मी ठोकून दिलं, “शेठला त्रास देऊ नका, असं.”

“आम्ही त्रास देतो त्याला?” आप्पा उसळले. आत्या हसली. पण आई हसली नाही. ती मॅनेजरने पाणी प्यायलेला पेला हातात धरून तशीच उभी होती. “त्रास देऊ नका असं कोणी इतक्या हळू आवाजात सांगत नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फिलोमिना टीचरना गाठलं. त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. उंच, काटक, पोफळीच्या झाडासारख्या सरळ चालायच्या, आणि चुकीचं स्पेलिंग त्यांना खड्यासारखं टोचायचं. त्यांनी आधी मला शब्द फळ्यावर लिहायला लावला. मी एक आर आणि एक एस लिहिला. “दोन आर, दोन एस,” त्या म्हणाल्या. “आणि हॅरॅसशी त्याचं काही नातं नाही. आता सांग, तुला कुठे भेटला हा शब्द?”

“एक माणूस घरी आला होता,” एवढंच मी सांगितलं.

त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली आणि त्या स्वतःच अडकल्या. लाजणं म्हणाल्या, मग मान हलवली. “लाजते ती नवी नवरी. शरम म्हणावं तर तीही नाही. शरम माणसाला एकट्याला, बंद खोलीतही वाटते. आपण वाईट वागलो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून वाटते. त्याला अशेम्ड म्हणतात. हा शब्द वेगळा. समज, मी तुला वर्गासमोर उभं केलं, तू मोठ्या तोऱ्यात आलीस आणि तुला उत्तर आलं नाही. तेव्हा कानाच्या पाळ्या गरम होतात ना, हात कुठे ठेवावेत कळत नाही ना, ते. ओशाळणं म्हण, खजील होणं म्हण. पण त्याला चार माणसं लागतात. चार माणसं काढून घेतली तर हा शब्द उरत नाही.” मग त्यांनी माझ्याकडून दोन वाक्यं करून घेतली. वाटणारा माणूस एम्बॅरॅस्ड, वाटायला लावणारी गोष्ट एम्बॅरॅसिंग. मी दोन्ही बरोबर केली. त्या खूश झाल्या. पण आता मॅनेजरचं वाक्य मला नीट कळलं होतं.

आज माझी मुलगी हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरते. मी पाहुण्यांसमोर पदराला हात पुसले की “आई, सो एम्बॅरॅसिंग!” तिला तो शब्द म्हणजे कपाळावरची माशी, हाकलली की गेली. मी तिला कधी सांगितलं नाही की ती तसं म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बुटाच्या लेस बांधणारी दोन स्वच्छ, नखं कापलेली बोटं येतात.

त्या रात्रीच्या जेवणात मी अर्थ सांगितला. आत्या म्हणाली, “म्हणजे तोंडघशी पडणं. सरळ सांग ना.” मग तिने घास गिळून विचार केला. “म्हणजे शेठ घाबरलाय. पाहुण्यांसमोर फजिती होईल म्हणून.”

“घाबरलेला माणूस जास्त वाईट,” आप्पा म्हणाले. ताटात उकडहंडी होती, मडक्यात शिजलेली कोनफळं, वाल, शेंगा, एरवी आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. त्या दिवशी मडकं अर्धं उरलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला फारसं काही घडलं नाही, आणि तेच वाईट होतं. जीप यायची आणि आमच्या कुंपणाला लागून उभी राहायची. आतली पोरं उतरायचीही नाहीत. रेडिओ लावायची, शेंगा खायची, टरफलं आमच्या बाजूला टाकायची आणि तासाभराने निघून जायची. आई मोगरा खुडायला गेली की मी बरोबर जायचे, मी विहिरीवर गेले की आत्या ओटीवर येऊन उभी राहायची. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. आप्पा सरपंचांकडे जाऊन आले. सरपंचांनी चहा पाजला, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, “विचार कर. आमच्या भावकीतल्या दोघांनी जागा दिली.” आप्पा परत आले ते हातपाय न धुताच बसले. पोलिसांत जायचं तर सांगायचं काय? माणूस घरी आला, पाणी प्यायला आणि एक केळं खाल्लं, हे?

मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटून मी एकटीच घरी येत होते. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं आणि मधून गल्लीसारखा रस्ता. मागून जीप आली. मी बाजूला झाले, पण ती पुढे गेली नाही. माझ्या पावलांच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत माझ्या मागे येत राहिली. वळून बघायची माझी हिंमत नव्हती. मी भराभर चालले की ती भराभर, मी हळू झाले की ती हळू. मग ती बरोबरीला आली आणि मॅनेजरचा तोच हळू आवाज आला, “कुंदा ना तू? शनिवारी सकाळची शाळा, नाही का? मंगळवारी मात्र क्लासमुळे अंधार होतो घरी यायला.” मी समोर बघत चालत राहिले. “आप्पांना सांग, आम्ही आठवण काढली.” जीप निघून गेली. मी पळाले नाही. पळायला पाय लागतात, आणि मला माझे पाय कुठे आहेत तेच कळत नव्हतं. घरी पोचले तेव्हा माझ्या हातात दप्तराचा तुटलेला बंद होता. तो कधी तुटला, मला आजही आठवत नाही.

मी सगळं सांगितलं. आप्पांनी बावखलाकडे बघत ऐकून घेतलं. “देऊन टाकू,” ते म्हणाले. “पोरीपेक्षा पाणी मोठं नाही. सोमवारी जाऊन हो म्हणून येतो.” आत्याने तोंडाला पदर लावला. आई चुलीत फुंकर घालत होती, ती घालतच राहिली.

पण शेठच्या माणसांना आमचा सोमवार ठाऊक नव्हता. रविवारी सकाळी आई वाडीत गेली आणि लगेच परत आली. ती ओरडली नाही, फक्त दारात उभी राहून आप्पांकडे बघत राहिली. आम्ही धावलो. बावखलाच्या काठची राजेळीची अख्खी रांग कमरेच्या उंचीवर कापलेली होती. प्रत्येक बुंध्यातून पाणी झिरपत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, थेंबाथेंबाने टपटपणारा, सगळ्या रांगेतून एकदम. पडलेल्या खांबांपैकी बहुतेकांनी गाभ्यात केळफूल धरलेलं होतं. आणखी थोड्या दिवसांत त्या केळी व्यायल्या असत्या. आप्पा एका बुंध्याशेजारी मातीत बसले. “मी हो म्हणणारच होतो,” ते म्हणाले. “मी हो म्हणणारच होतो ना गं?” कोणाला विचारत होते कोणास ठाऊक.

तेवढ्यात शेजारची रेमेदबाय चर्चमधून परस्पर आली. आमच्या दोघांच्या वाड्यांमध्ये एक कुंपण होतं आणि त्यालाही तिच्या जाण्यायेण्याने भोक पडलेलं होतं. तिने कापलेली रांग बघितली आणि छातीवर क्रूस केला. मग हळूच म्हणाली, “उद्याच त्यांची पूजा आहे. मांडववाला गावभर केळीचे खांब मागत फिरतोय. माझ्याकडे पण आलेला.”

आईने मान वळवली. “कुंदा,” तिने मला विचारलं, “तुझ्या टीचर काय म्हणाल्या होत्या? त्या शब्दाला काय लागतं?”

“चार माणसं,” मी म्हटलं.

“उद्या किती असतील?”

“खूप असतील,” रेमेदबाय म्हणाली. “खुर्च्याच टेम्पो भरून आल्यात.”

आई पूजेच्या मांडवात जाणार हे ओळखून आप्पांनी तिला नाही म्हणून सांगितलं. आधी समजावून, मग रागावून, मग अक्षरशः हात जोडून. “तू तिथे जायचं नाहीस. पोरीला तर न्यायचंच नाहीस.” आई म्हणाली, “घरी ठेवली तर जीप घरी येईल. तिथे चार माणसं तरी आहेत.” त्या रात्री ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सकाळी आप्पा बावखलाच्या पलीकडच्या काठावर जाऊन पाठ करून बसले.

केळीचा खांब दिसतो त्याच्या दुप्पट जड असतो, सगळा पाण्याने भरलेला. आई आणि आत्याने एक उचलला, रेमेदबाय आणि तिच्या थोरल्या जावेने दुसरा. मी एक कोवळा, केळफुलाचं टोक बाहेर डोकावत असलेला, कवेत घेतला. चीक माझ्या फ्रॉकवर उतरत होता आणि केळीचा डाग कधी निघत नाही हे ठाऊक असून मला त्याचं काही वाटत नव्हतं. खाचरांच्या बांधावरून आम्ही चाललो होतो. समोरून लाउडस्पीकरवर सनई येत होती. मला सारखं वाटत होतं, आता मागून ते गुरगुरणं ऐकू येईल. मी आईच्या टाचांकडे बघत चालले. ती एकदाही थांबली नाही, म्हणून मीही थांबले नाही. तिला भीती वाटत नाही असंच मी तेव्हा धरून चालले होते.

मांडवाच्या तोंडाशी मॅनेजर उभा होता. त्याने आम्हाला बघितलं, खांब बघितले, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा वर गेला. “मावशी, ते मागच्या बाजूला ठेवा. मागे, मागे.”

आई थांबली नाही. पुढे खुर्च्यांच्या रांगा होत्या, पांढऱ्या टोप्या, सफारी, भारी साड्या. मधोमध होमाची मांडणी होती आणि पाटावर शेठ सोवळं नेसून बसले होते. त्या दिवसापर्यंत मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं कोणी दांडगा माणूस असेल. ते गोल चेहऱ्याचे, टक्कल पडलेले, कुणाच्याही मामासारखे दिसत होते. त्यांच्या शेजारी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा, पायात कापडी चपला. त्यांची आई असावी.

आईने खांब मांडवात, त्यांच्यासमोर ठेवला. रेमेदबायने दुसरा ठेवला. मी माझा. सनई वाजतच होती. आईचा आवाज निघाला तो अगदी बारीक, तारेसारखा.

“शेठ, पूजेला केळीचे खांब लागतात. तुमच्या माणसांनी आमच्या वाडीतले कापून ठेवले होते. न्यायचे विसरले. म्हणून आम्ही घेऊन आलो. रांगेत अजून पडलेत. गाडी पाठवा.”

भटजींचा मंत्र मध्येच तुटला. कोणीतरी सनई बंद केली. शेठ हसले. ते हसू चेहऱ्यावर आलं आणि तिथेच अडकलं, पुढे जाईना, मागे फिरेना. “वा, वा,” ते म्हणाले. “छान केलंत. काहीतरी गैरसमज...” त्यांचा हात पळीकडे गेला, पळी उचलली, परत ठेवली, उपरण्याकडे गेला. कान लाल होत गेले, आधी पाळ्या, मग वरचा भाग. पहिल्या रांगेतले पाहुणे कलशावरच्या नारळाकडे टक लावून बघत होते, जणू तो काही बोलणार होता. फिलोमिना टीचरनी सांगितलेलं सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. माझी भीती आणखी वाढली, कारण आता आपण ते केलं होतं. त्यांनी जे करू नका म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच.

मग ती म्हातारी उठली. खुर्चीचा हात धरून, सावकाश. ती मी आणलेल्या कोवळ्या खांबापाशी आली, वाकली आणि केळफुलाच्या टोकावरून तिने बोट फिरवलं. तिची बोटं शेतात काम केलेल्या बाईची होती.

“व्यायला टेकलेली केळ कापलीस?” तिने शेठना विचारलं. मोठ्याने नाही. पण सनई बंद होती, सगळ्यांनी ऐकलं.

“आई, मी नाही. पोरांकडून चुकून झालं असेल.”

“कोयता चुकून चालतो?”

शेठनी मान खाली घातली. आता त्यांचे हात कुठेच जात नव्हते. ते मांडीवर पडून राहिले होते. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता आणि त्या जागी काही वेगळंच आलं होतं. टीचरनी सांगितलेला तो दुसरा शब्द, ज्याला चार माणसं लागत नाहीत, तो बहुधा हाच. मॅनेजर मांडवाच्या कडेला उभा होता आणि कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. आईने माझा दंड धरला. “चल,” ती म्हणाली. मागून कोणीतरी “मावशी, बसा, प्रसाद घ्या” म्हणत होतं. आम्ही बांधावर आलो. सनई पुन्हा सुरू झाली नाही, निदान आम्हाला ऐकू येईपर्यंत तरी.

अर्ध्या वाटेवर आई एका पांगाऱ्याच्या झाडामागे गेली आणि ओकली. आत्याने तिची पाठ चोळली. तोंड पुसून ती म्हणाली, “मला तिथे काही दिसतच नव्हतं गं. सगळं पांढरं दिसत होतं. शेठ कोणता तेही कळत नव्हतं. पाट बघून बोलले.” आणि ती मातीत बसून लहान मुलीसारखी थरथरत राहिली. मी तिला त्याआधी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी तिच्या मागे चालते आहे म्हणून सुरक्षित आहे. आता कळलं की ती कोणाच्याच मागे चालत नव्हती.

आम्ही आलो तसं आप्पांनी मागचं दार लावलं, पुढच्या दाराला अडसर घातला. त्या दिवसापासून आम्ही वाट बघायला लागलो. बदला घ्यायला ते येणार हे आम्ही सगळ्यांनी धरलंच होतं, फक्त कधी ते माहीत नव्हतं. मला शाळेत पाठवलं नाही. आत्या उशाशी कोयता घेऊन निजायची, आणि झोपेत कूस बदलली की तो जमिनीवर वाजायचा आणि आम्ही सगळे उठून बसायचो. सुकेळी मांडायचं कोणाला सुचलं नाही, पिकलेले घड तसेच काळे पडले. गावात मात्र पूजेची गोष्ट पसरली होती. कोणी म्हणालं, मॅनेजरला काढलं. कोणी म्हणालं, नाही, त्याला कामण गावाकडे दुसऱ्या कामावर पाठवलं. खरं काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. आप्पा आणि आई अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पा जे सांगायचं ते मला सांगायचे, आई जे द्यायचं ते आत्याच्या हाती द्यायची.

आणि एका सकाळी जीप आली. तीच, पांढरी. गुरगुरणं ऐकताच आईने मला आत ओढलं. खिडकीच्या फटीतून मी बघत होते. या वेळी फाटकाशी थांबणारी पोरं नव्हती. एकटा ड्रायव्हर उतरला, त्याने मागून एक मोठी गोणी ओढून काढली आणि फाटकाच्या आत आणून टाकली. गोणी जड होती, ओलसर होती, तिच्या तोंडाला सुतळी बांधलेली होती. आत्याने कोयता घट्ट धरला. आप्पा ओटीवरून उतरले, पण गोणीपासून दहा हात लांबच थांबले.

“काय आहे त्यात?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“म्हाताऱ्या बाईंनी पाठवलंय,” ड्रायव्हर म्हणाला.

“तू उघड. तूच उघड. आम्ही हात लावणार नाही.”

ड्रायव्हरला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो खाली बसला, दातांनी सुतळी सोडली आणि गोणी उलटी केली. केळीचे मुनवे होते, लावणीची बाळरोपं. ताजे खणलेले, मुळांना लाल माती, शेंडे छाटलेले, एकावर एक घरंगळत आमच्या अंगणात आले. “त्यांच्या गावाहून आणवलेत,” तो म्हणाला. “उशीर करू नका म्हणाल्या, मुळं सुकतील. आणि रस्ता आता खालच्या अंगाने वळवणार आहेत, हे पण सांग म्हणाल्या.” तो गाडीत बसला आणि गेला.

मुनवे उन्हात पडून होते. आप्पा त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आले, जसं माणूस अनोळखी जनावराभोवती मारतो. शेवटी आईच बाहेर आली. तिने कुदळ उचलली, कोणाकडे न बघता बावखलाच्या काठी गेली आणि कापलेल्या रांगेच्या शेजारी पहिला घाव घातला. जमीन तिथे कडक होती, कुदळ ठणकन वाजली. तिने पुन्हा घाव घातला, पुन्हा. आप्पा थोडा वेळ बघत राहिले. मग दोन्ही हातांत दोन मुनवे घेऊन तिच्यामागे गेले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

“आणखी खोल घे,” ते म्हणाले. “इथे वारा लागतो.”